पतंगाची मिशी आणि मंदाची शून्यं

नोकरीत तुम्ही नेमकं काय केलं, असं कुणी विचारलं की मी ‘कीटकशास्त्र’ एवढंच म्हणते. समोरच्याचा चेहरा आदरानं गंभीर होतो. खरं उत्तर दिलं तर तो तसा राहणार नाही. अठ्ठावीस वर्षं मी नर पतंगांच्या मिशा कापल्या.

घर अमरावतीला आणि प्रयोगशाळा अकोल्यात, त्यामुळे सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायची आणि संध्याकाळी परत. माझ्या पदाचं नाव खोलीपेक्षा लांब होतं. दारावरच्या पाटीत ते बसेना, म्हणून पेंटरनं शेवटची तीन अक्षरं बारीक करून वर चढवली होती. आत दोन टेबलं, एक शीतकपाट, पतंगांचे पिंजरे आणि एक यंत्र. ते यंत्र सोडलं तर खोलीत मान देण्यासारखं काही नव्हतं.

कापसाशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगते. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसून सरकी खाते, म्हणजे ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. मात्र अळी होण्याआधी तिचे आईबाप पतंग म्हणून उडत असतात. तांदळाच्या दाण्याएवढे, मातकट, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असे. मादी एका जागी बसून गंध सोडते आणि नर वाऱ्याच्या उलट दिशेनं तिला शोधत येतो. माणसानं तो गंध कारखान्यात तयार केला आणि रबराच्या लहानशा बुचात भरला. या बुचाला ल्यूर म्हणतात. नरसाळ्यासारख्या सापळ्यात ते टांगायचं, खाली पिशवी बांधायची. लग्नाला म्हणून निघालेला पाहुणा पिशवीत पडतो. सकाळी पिशवीतले पतंग मोजायचे. संख्या चढायला लागली की फवारणी. या सापळ्याचं सरकारी नाव कामगंध सापळा. शिबिरात हे नाव उच्चारलं की मागच्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघत आणि पुढच्या रांगेतले पाहुणे छताकडे.

माझं काम त्या बुचांची परीक्षा घेणं. ती माझ्या नाकाला जमणारी नव्हती, कारण माणसाला त्या गंधाचा पत्ताही लागत नाही. म्हणून परीक्षक पतंगच. नराला बर्फावर ठेवून बधिर करायचं, त्याची एक मिशी, म्हणजे वास घेणारी स्पर्शिका, कापायची आणि खारं पाणी भरलेल्या काचेच्या दोन बारीक नळ्यांमध्ये पुलासारखी ठेवायची. कापलेली मिशीही अर्धा तास जिवंत असते. तेवढ्यात विचारायचं ते विचारून घ्यायचं. ल्यूरवरून हवेचा एक झोत मिशीवर सोडला की पडद्यावरची सरळ रेघ खाली झेप घेते आणि परत वर येते. झेप मोठी असली की माल चांगला.

त्या मिशीच्या आत काय चालतं, हे कळायला मला निम्मी नोकरी लागली. मिशी म्हणजे केसांचा कुंचला. प्रत्येक केस पोकळ, त्याला सूक्ष्म छिद्रं, आत पाण्यासारखा रस, आणि त्या रसात मज्जातंतूचं टोक बुडालेलं. मादीचा गंध तेलकट असतो आणि तेल पाण्यात उतरत नाही. म्हणून रसात एक प्रथिन हमालासारखं फिरत असतं. गंधाचा कण पोटाशी धरून ते पलीकडे नेतं. मज्जातंतूच्या कातडीवर दुसरं प्रथिन बसलेलं असतं. त्याचं काम ओसरीवरच्या म्हाताऱ्याचं. आलेल्याला तो आधी स्वतःजवळ घेतो आणि मग आतल्या दाराशी पोचवतो. दार म्हणजे तिसरं प्रथिन. त्याच्यात एक खोबण असते, त्या एका गंधाच्या बेताची. कण तिथं बसला की दार उघडतं, क्षार आत घुसतात, मज्जातंतू थरारतो आणि मेंदूला खबर जाते की ती आहे. हा म्हातारा नसला तर पाहुणा दारापर्यंत येऊनही दार धड उघडत नाही, आणि उघडलं तर वेळेवर मिटत नाही.

पुस्तकांत याला कुलूप आणि किल्ली म्हणतात. मला ते कधी पटलं नाही. किल्ली दिवसभर कुलपात राहिली म्हणून कुलूप कंटाळत नाही. हे दार कंटाळतं. तोच गंध सतत येत राहिला की ते बोलायचं थांबतं. जिनिंगच्या कारखान्याशेजारी राहणाऱ्याला सरकीचा वास येत नाही, तसं.

या कामापायी मी साबण बिनवासाचा वापरला, पावडर लावली नाही, गजरा माळला नाही. लग्नात सवाष्णी मोगरा पुढे करत आणि मी मागे सरकत असे. एकदा चांदूर रेल्वेला मावसबहिणीच्या घरी एक बाई दुसरीला सांगत होती, ‘शिकलेली आहे, पण फुलं सहन होत नाही बिचारीले.’ मी खुलासा केला नाही. खुलासा त्याहून विचित्र होता.

गिऱ्हाइकंही विचित्र येत. माणसांसाठी असं बूच मिळतं का, हा प्रश्न दर हंगामात किमान एकदा, आणि विचारणारा नेहमी ‘मित्राला हवंय’ म्हणे. पण लक्षात राहिले हमीदभाई. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं अत्तराचं दुकान, आजोबांपासूनचं. एका पुरवठादाराशी त्यांचं खसावरून वाजलं होतं. त्यांना कुणीतरी सांगितलं की शेतकी शाळेत वास ओळखायचं यंत्र आहे. दोन शिश्या घेऊन ते दारात उभे.

“बाई, यातलं असली कोणतं, ते तुमच्या मशीनीले पुसा.”

मी सांगून पाहिलं. ऐकेनात. शेवटी पतंगाच्या मिशीवर दोन्ही खसांचा झोत सोडून दाखवला. रेघ जराशी हलली आणि गप्प झाली. दोन्ही वेळा सारखीच.

हमीदभाईंनी पिंजऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. “एवढा खस, अन् याले काईच नाई? याची अक्कल कुठं राहते?”

“त्याला एकच वास कळतो. बाकी दुनिया त्याच्यासाठी नाही.”

“मग आमच्या साडूसारखा हाय,” ते म्हणाले आणि चहा घेऊनच गेले. पुढे येताजाता भेटत राहिले. मला अत्तर देता येत नाही याचं त्यांना वाईट वाटे, म्हणून ईदला शीरखुर्मा देत.

आता ज्या हंगामासाठी हे सगळं लिहितेय, त्याच्याकडे येते.

त्या वर्षी हिवरखेडच्या बाजूच्या एका गावात सापळ्यांचा मोठा प्रकल्प घेतला. आमचे साहेब उत्साही माणूस. वाईट नव्हते, पण मंडप दिसला की त्यांना शास्त्र दिसत नसे. सापळेवाटपाला मंडप, हार, नारळ आणि बाहेरगावचे प्रमुख पाहुणे. आधी भाषणं झाली, म्हणजे तासभर. कापलेल्या मिशीची दोन आयुष्यं. मी गेले नव्हते. कापलेल्या मिशीला समारंभ कळत नाही.

रोज सकाळी सापळे मोजून वहीत लिहायचं काम गावातल्या मंदाला दिलं होतं. तिशीतली सून, बारावी शिकलेली, घरची शेती. गावानं फवारायचं कधी, ते तिच्या आकड्यावर ठरणार होतं. तिनं पहिल्या आठवड्यात शून्य लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात शून्य. तिसऱ्यातही. गाव निवांत राहिलं. मग कपाशीत डोमकळ्या दिसू लागल्या. आत अळी असलेलं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या चिकटून मिटलेलं राहतं, ती डोमकळी. म्हणजे पतंग येऊन, अंडी घालून, कधीच मोकळे झाले होते. आणि मंदाच्या वहीत शून्य.

साहेबांनी त्या गावच्या काही सापळ्यांतली ल्यूर काढून माझ्याकडे पाठवली. मी तपासली. रेघेनं झकास झेप घेतली, कोऱ्या ल्यूरपेक्षा थोडी जास्तच. ते पाहून मी खूष झाले. तिथं शंका यायला हवी होती. मी एका ओळीत अहवाल लिहिला: ल्यूर सक्षम आहे. सही केली आणि पाच पंचवीसची गाडी पकडली.

त्या ओळीनं काय केलं, ते चार दिवसांनी कळलं. एक बाई प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढून उभी. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही.

“मॅडम, मी मंदा. तुमी रिपोट देल्ला ना, त्यातली.”

मी तिला बसायला सांगितलं. ती स्टुलाच्या कडेवर बसली.

“गावात म्हनून राहिले, ल्यूर चांगली, सापळे चांगले, मग खोटी कोन? मंदा. घरी बसून शून्य काढत होती. आमचे नानाजी, चुलत सासरे माह्ये, ते तं चारचौघात बोलले. सोमवारी ग्रामसभा हाय. माह्यं काम काढनार. काम गेलं तं जाऊ द्या. पन नाव जाऊन राहिलं, मॅडम.”

मी सरकारी नोकरीतली बाई. पहिला प्रश्न तोच विचारला जो सगळ्यांनी विचारला होता. “रोज जात होतीस?”

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. “तुमची मिशी खोटं बोलत नाई म्हनतात. मी काहून बोलीन?”

मी वही मागितली. पानं चिखलाच्या बोटांनी उलटलेली होती. प्रत्येक तारखेपुढे शून्य, आणि शून्यापुढे बारीक अक्षरात काहीबाही. ‘शून्य. पिशवीत एक मुंगळा.’ ‘शून्य. कोळ्यानं जाळं केलं, काढलं.’ ‘शून्य. पाऊस, पिशवीत पानी, ओतलं, परत बांधली.’ ‘शून्य. नानाजीच्या वावरात सापळा आडवा पडेल होता, उभा केला.’

आयुष्यभर मी लोकांच्या नोंदवह्या तपासल्या आहेत. खोटं शून्य लिहिणारा माणूस मुंगळा लिहीत नाही.

म्हणजे मंदा खरी आणि मिशीही खरी. दोन्ही खरं आणि पतंग मात्र सापळ्यात नाही. मंदाला गाडीत बसवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारभर ते कोडं घेऊन बसले. संध्याकाळी गाडी चुकली म्हणून हमीदभाईंच्या दुकानात टेकले. पर्समध्ये त्या समारंभाच्या बातमीचं कात्रण होतं. साहेबांनी आठवण म्हणून सगळ्यांना वाटलं होतं. हमीदभाईंना सगळं सांगितलं आणि कात्रण पुढे केलं.

फोटोत प्रमुख पाहुणे हसत होते, साहेब त्यांच्याहून जास्त. मध्ये चांदीचं ताट, झेंडूच्या पाकळ्यांनी सजवलेलं. हमीदभाईंनी माणसांकडे पाहिलंच नाही. ताटावर बोट ठेवलं.

“हे बुचं काय?”

“हो. पाकिटं फोडून ठेवलेली दिसतात.”

“तीन ढीग हायेत. तीन माल?”

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच तीन ढीग होते. शेजारच्या फोडलेल्या पाकिटांवरून कळलं, एक बोंडअळीच्या ल्यूरचा. बाकीचे दोन तुरी-हरभऱ्याच्या अळ्यांचे, म्हणजे निराळ्या पतंगांच्या गंधाचे. आणि पाहुण्यांची बोटं एका ढिगातून उचलून दुसऱ्याकडे निघालेली.

“एका हातानं तीन मालाले हात?” हमीदभाई म्हणाले. “बाई, आमच्यात एक शीशी, एक काडी. गुलाबाची काडी केवड्यात गेली तं दोन्ही गेले. मी बारा वर्षांचा असताना गेली होती एक. दादाजाननं महिनाभर शीश्याले हात लावू देल्ला नाई. हा मानूस आमच्या दुकानात एक दिवस टिकत नाई.”

पाहुण्यांच्या बोटांवरून परका गंध बोंडअळीच्या बुचांना लागला होता. आणि आता मला माझी चूकही दिसली. ती पाहुण्यांच्या चुकीपेक्षा मोठी होती.

पतंगाच्या केसात एकच मज्जातंतू नसतो. बऱ्याचदा दोन शेजारी नांदत असतात. एकाच्या दारावरचं प्रथिन आपल्या मादीचा गंध धरतं आणि कळवतं, ये. दुसऱ्याच्या दारावरचं प्रथिन परक्या जातीचा गंध धरतं आणि कळवतं, हे आपलं घर नाही, फिर मागे. जंगलात याचा उपयोग आहे. पतंग चुकीच्या मांडवात जात नाही. पण माझं यंत्र अख्ख्या मिशीची एकच रेघ काढतं. ‘ये’ आणि ‘फिर मागे’ हे दोन्ही आवाज त्यात मिसळून एकच मोठी झेप दिसते. म्हणून ती रेघ कोऱ्या ल्यूरपेक्षा जास्त खाली गेली होती. मी मिशीला विचारलं होतं, काही ऐकू आलं का. ती म्हणाली, हो, मोठ्यांदा. काय ऐकू आलं ते मी विचारलंच नव्हतं.

हे सगळं तर्कानं ठीक होतं, पण ग्रामसभेत तर्क चालत नाही. शुक्रवारी सकाळी बंद पाकिटं, तीन वेगळे चिमटे आणि नवे सापळे घेऊन मी त्या गावी गेले. मंदानं चार वावरं निवडली. चौथं तिनं मुद्दाम नानाजींचं घेतलं. प्रत्येक ठिकाणी ताटातली ल्यूर असलेला जुना सापळा तसाच ठेवला आणि बऱ्याच अंतरावर नवा लावला. ल्यूरला बोट लावलं नाही, चिमट्यानंच टांगली. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभे राहून नानाजी हे बघत होते. सत्तरीचा ताठ माणूस.

“बाई, एवढ्या लांबून आल्या तं हातानं लावा ना. चिमट्यानं काय, विंचू हाय का?”

“हातानं लावूनच हे झालं, नानाजी.”

“मंदीनं सांगतलं असीन तुमाले.”

“मंदानं काही सांगितलं नाही. वही वाचली मी.”

मंदा सापळ्याची काठी ठोकत राहिली, जरा जोरातच.

मुक्काम मंदाकडे केला. तिच्या सासूनं ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. लेकाला म्हणाली, “या बाईनंच लिवलं होतं ना ते?” मी मान खाली घालून जेवले.

शनिवारी सकाळी पहिल्या वावरात नव्या सापळ्याची पिशवी फडफडत होती. मोजायचं काम मंदाचं, म्हणून मी हात लावला नाही. तिनं पिशवी उजेडात धरली, ओठ हलवत मोजलं, पुन्हा मोजलं. एकवीस. जुन्या सापळ्यात शून्य. दुसऱ्या वावरात सतरा आणि एक. तिसऱ्यात चौदा आणि शून्य. चौथ्यात, नानाजींच्या वावरात, सव्वीस आणि शून्य. रविवारीही तसंच. प्रत्येक वेळी तिनं वहीत लिहिलं. जुन्या सापळ्यापुढे ‘शून्य’ लिहिताना तिचं अक्षर आधीपेक्षा मोठं येत होतं.

आता अहवाल. रविवारी संध्याकाळी साहेबांना फोनवर सगळं सांगितलं.

“मॅडम, कार्यक्रमाचा उल्लेख आवश्यक आहे का?”

“कारण तेच आहे, सर.”

“‘हाताळणीतील त्रुटी’ असं लिहिलं तर? व्यापक शब्द आहे.”

व्यापक शब्द म्हणजे ज्यात सगळे मावतात आणि कुणीच सापडत नाही. मी म्हटलं, लिहिते. फक्त सोबत तो फोटो जोडते. मग साहेब हसले. खरंच हसले. “जोडा,” म्हणाले. “तेवढाच चांगला आला होता माझा.” माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच लिहिलं आहे.

सोमवारी ग्रामसभेत मी उभी राहून वाचलं. पहिलं वाक्य असं होतं की माझा आधीचा निष्कर्ष अपुरा होता. ग्रामसभेतलं ते माझं एकमेव भाषण, आणि त्यातलं एवढं वाक्य लोकांनी मन लावून ऐकलं. सरकारी माणसाच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं, असं नंतर सरपंच म्हणाले. मग फोटो हातोहात फिरला. ताट बघून लोक हसले आणि पाहुणे बघून जास्त हसले. नानाजी हसले नाहीत. उठले, टोपी नीट केली आणि मंदासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, माफी मागतात की काय.

“सव्वीस म्हनते तं आता फवारा कोनता मारू, ते सांग.”

मंदानं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गेले. वऱ्हाडात माफी अशीच मागतात. ज्याला कळते त्याला पुरते.

वाया गेलेले तीन आठवडे मात्र परत आले नाहीत. त्या हंगामात शेवटच्या वेचणीला बरीच बोंडं किडकी निघाली, आणि त्यात माझ्या एका ओळीचा वाटा आहे. पहिल्याच दिवशी मी ‘झेप एवढी मोठी का’ असं विचारलं असतं तर निदान आठवडाभर वाचला असता. समारंभांना नावं ठेवणारी मी. माझीही एक आरती होती, पडद्यावरच्या त्या रेघेची.

हंगाम संपल्यावर साहेबांनी मंदाची वही मागवली. प्रकल्पाच्या अहवालात तीन आठवड्यांची शून्यं बरी दिसत नव्हती. त्यांवर रेघ मारून ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहावं, अशी सूचना आली. शास्त्राच्या दृष्टीनं ती अगदीच चूक म्हणता येत नाही. मी मंदाला फोन केला आणि विचारलं.

“रेघ नाई मारू देनार,” ती म्हणाली. “माहिती उपलब्ध होती. मी रोज जाऊन आनत होती. सापळा रिकामा होता, तं शून्यच लिवीन ना जी.”

“बरं. मग माझा पहिला अहवाल तरी काढून टाकू का फाइलमधून?”

तिच्या मागे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या.

“तोही राहू द्या. तुमाले जे आयकू आलं, ते तुमी लिवलं. मले जे दिसलं, ते मी. कोनं खोटं नाई लिवलं. मग खोडाचं काहून?”

मी खोडलं नाही. निवृत्त होताना ती फाइल माझ्या जागी आलेल्या मुलीच्या हाती दिली. वर माझी एक ओळ, खाली मंदाची शून्यं मुंगळ्यासकट, त्याखाली ताटाचा फोटो. तिला म्हटलं, यंत्र कसं चालवायचं ते पुस्तकात आहे, हे आधी वाच. आणि चिमटे तीन ठेव.

मंदा अजूनही मोजते. आता तिच्या हाताखाली आणखी चार गावं आहेत. हंगामात सकाळी तिचा फोन येतो. “मॅडम, आज नऊ,” म्हणते. कधी म्हणते, “आज शून्य.” मी विचारते, “आणखी काही?”

“एक मुंगळा,” ती म्हणते, आणि मी निश्चिंत होते.